कॅमेरा कुणाच्या हातात?



१९८४ साली पुण्यात राज्य शासनाची ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि शाळकरी मुलांसाठी मराठी कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. त्याच वर्षी अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेच्या कष्टकरी बायकांनी व्हिडिओ कॅमेरा हातात घेतला. न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांनी शिबिर घेतले. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. त्यातून ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली याची हळहळ आहेच. पण तिथे मुलांनी फक्त बघायचे होते.

आमच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात अजून तेच चालले आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. त्यातून शाळांच्या भिंतीवर मोठे पडदे आले. कॅमेरा? तो घरच्या मोबाइलमध्ये आहे, आणि मोबाइल वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात. मुलीचे चोरून काढलेले चित्रण कुणी फिरवले तर शिक्षा तिलाच: आधी फोन बंद, मग बाहेर जाणे बंद, कधी कधी शाळाच बंद. २०१२चा पोक्सो कायदा तिच्या बाजूने आहे, हे तिला वर्गात कोण सांगते?

म्हणून माझे म्हणणे असे की आठवी-नववीच्या वर्गात चित्रीकरण शिकवावे, आणि तेही स्नेहसंमेलनापुरते नको. एक फोन, पाचजणींचा गट आणि घरातलाच विषय पुरतो. समजा, एकीने आईची मुलाखत घेतली. आई पहाटे कंपनीच्या बसची वाट बघते, वायरिंगच्या कामाला जाते. ती म्हणते, “काम बरं आहे, पण कंत्राट सहा महिन्यांचंच.” आता संकलन करताना ‘पण’पासून पुढचे कापा. आई समाधानी दिसते! खोटे एक अक्षर नाही, तरी सगळे खोटे. बातमी आणि जाहिरात कशी घडते हे ज्या मुलीने स्वतःच्या हाताने करून पाहिले, तिला नंतर कुणी सहज फसवू शकत नाही. त्यावर माझे दहा भाषणांचे शब्द खर्च करायची गरज नाही.

मुलगे-मुली एकत्र असले की कॅमेरा आपोआप मुलग्यांकडे जातो आणि मुलींच्या वाट्याला निवेदन येते. तेव्हा पाळी लावावीच लागते. दुसरा नियम संमतीचा: आधी विचारायचे, समोरची ‘नको’ म्हणाली तर कॅमेरा खाली. हा धडा मुलग्यांना जास्त हवा.

‘दहावीचा अभ्यास कोण करणार?’ हा मुख्याध्यापकांचा प्रश्न ठरलेला. केरळमध्ये २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांतून सरकारी शाळांतली मुले हे शिकतात, आणि त्यांनाही दहावी असतेच.

आपल्या वस्तीजवळच्या महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्याचा एक तास मागा. शिक्षिकांना सोबत घ्या. बाहेरून येऊन दोन दिवसांचे शिबिर उरकणे आता पुरे. कुठल्या शाळेने होकार दिला आणि कुठे काय अडचण आली, ते पुढच्या अंकासाठी कळवा.