सांडगे, संडिगे आणि वाळवणाचं यंत्र

आमच्या घरात मी सांडगे म्हणते, सासूबाई संडिगे म्हणतात. माझा पापड तो त्यांचा हप्पळ. बेळगाव सोडून भोपाळला आलो तरी हे तसंच आहे. ऊन मात्र दोघींना सारखंच लागतं आणि ते इथं उदंड. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी, पापड दुपारपर्यंत कडकडीत. अडचण उन्हाची नाही, जिन्याची आहे. गच्ची चौथ्या मजल्यावर आणि सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांमुळे वर जाणं थांबलं, तसं त्या वाळवणाविषयी बोलेनाशाच झाल्या. मला ते बघवेना. म्हणून घरात फूड डिहायड्रेटर आला.

कोणता घ्यावा, असं गावाकडून बऱ्याच जणी फोनवर विचारतात. मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा, हे यंत्र आधी पंखा आहे, मग शेगडी. पदार्थातलं पाणी उष्णतेनं सुटतं, पण ते बाहेर नेते वाहती हवा. एकावर एक गोल ताटल्यांच्या स्वस्त यंत्रात पंखा बहुधा तळाशी असतो. खालची ताटली आधी वाळते, म्हणून मधून मधून ताटल्यांची अदलाबदल करावी लागते. पंखा मागच्या बाजूला असलेलं कपाटासारखं यंत्र महाग पडतं, पण सगळीकडे सारखं वाळवतं. तापमान कमी-जास्त करायची सोय नसेल तर ते यंत्र घेऊच नका.

कारण सगळा खेळ तिथेच आहे. मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता (इथले लोक त्याला मीठा नीम म्हणतात) ४० अंशांच्या आसपास ठेवावा, रंग आणि वास टिकतो. टोमॅटो, गाजर, कांदा यांना ५५ ते ६० अंश. लवकर व्हावं म्हणून आच वाढवली तर वरची साल कडक होते, पाणी आत कोंडतं आणि पंधरा दिवसांत बरणीत बुरशी. किलोभर टोमॅटोचे जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम उरतात, तेव्हा ते स्वस्त असतानाच हे काम काढावं. विजेचा हिशेब सोपा आहे. ५०० वॅटचं यंत्र आठ तास चाललं तर जास्तीत जास्त चार युनिट. आपल्या बिलावरच्या दरानं गुणून बघा.

मिरच्या वाळवायच्या तर यंत्र गॅलरीत ठेवा, नाहीतर घरभर ठसका. पण वर्षाची पाच किलो ब्याडगी या चार ताटल्यांत होणार नाही, तिला ऊनच हवं. कोहळ्याच्या सांडग्यांचंही तेच. जाड ओले गोळे यंत्रात आतून ओलसर राहतात. यंत्राचा खरा उपयोग पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये भोपाळला मीठसुद्धा पाझरतं तेव्हा.

इथे नबीबागेत केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, १९७६ सालची. शेतमाल काढल्यानंतर त्यावर प्रक्रिया करणारी यंत्रं बनवणं हाही तिच्या कामाचा भाग. असल्या कामाला इंजिनियर लागतात हे ऐकून सासूबाईंना हसू आवरेना.

त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नाही. झालं की नाही हे यंत्राची घंटा सांगत नाही, हात सांगतो. आणि गरम असताना हात फसतो, म्हणून आधी गार होऊ द्यायचं. मेथी चुरली पाहिजे, कढीपत्ता कडकन मोडला पाहिजे, टोमॅटो वाकला तरी चालतो पण चिकटता कामा नये. मग काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवायचं. काचेला आतून दव दिसलं तर सगळं परत यंत्रात.

आमच्याकडे ही तपासणी सासूबाईंची. खुर्चीवर बसून, मांडीवर ताटली घेऊन. परवा अख्खी मेथी त्यांनी 'इन्नू हसी अदा' म्हणून परत पाठवली. अजून ओली आहे म्हणे. मला ती चांगली वाळलेली वाटली होती. पण त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आपणहून विचारलं, यंदा उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या कोण घालणार?