पंपाचे ऐकणार कोण?

वडील अतिदक्षता विभागात होते. सिस्टर सलाईनच्या पंपावर औषधाचे आकडे भरत, पंप वाजे, त्या बटण दाबून पुढे जात. मला तो निष्काळजीपणा वाटला. दोष एकट्या सिस्टरांचा नव्हता, हे पुढे उमगले.

या ‘स्मार्ट’ पंपात औषधांची यादी आणि प्रत्येकाच्या मात्रेची मर्यादा भरलेली असते. दशांशचिन्ह निसटून ५.० चे ५० झाले, की तो इशारा देतो. काही मर्यादा ओलांडता येतात, काही मुळीच नाही. दिलेला प्रत्येक इशारा आणि तो डावलल्याची नोंद पंपातच राहते. एकाच औषधाचा इशारा रोज डावलला जात असेल, तर भरलेली मर्यादा तरी चुकीची आहे, किंवा वॉर्डातली पद्धत तरी. सतत ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देणार? डॉक्टर, फार्मासिस्ट आणि सिस्टर यांनी दरमहा एकत्र बसून या नोंदी वाचल्या, तर फुकाचे इशारे कमी होतील आणि खरा इशारा ऐकू येईल.

मात्र नोंदी गुन्हेगार शोधण्यासाठी वाचू नयेत. शिक्षेच्या धाकाने यादी टाळून औषध चालवले जाईल, आणि मग पंप असून नसल्यासारखा.

औषधोपचारातली टाळता येणारी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सोडला. असे संकल्प नुसती यंत्रे विकत घेऊन पुरे होत नाहीत. आपणही खाटेशेजारी बसलो असता पंप वाजला, तर बटणाला हात न लावता सिस्टरांना हाक मारावी आणि नम्रपणे विचारावे, ‘का वाजला?’