बालदिनाला खुर्ची कुणाची?

गेल्या १४ नोव्हेंबरला आमच्या मोहल्ल्यात बालदिन झाला. स्टेजवर सात खुर्च्या, सातही मोठ्यांच्या. मुलं दीड तास खाली सतरंजीवर. भाषणं झाली, हार-तुरे झाले, शेवटी एकेक चॉकलेट. घरी येताना भाची म्हणाली, "मामू, दिवस आमचा होता ना? मग आम्हाला कुणी काही विचारलंच नाही!" मी सॉफ्टवेअर इंजिनियर. वापरणाऱ्याला न विचारता केलेलं काम कसं फसतं, हे रोज बघतो. तरी मला उत्तर देता आलं नाही.

२३ एप्रिल १९२० रोजी अंकारात तुर्कस्तानची राष्ट्रीय सभा पहिल्यांदा भरली. तिथे हाच दिवस बालदिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मुलं थोडा वेळ मंत्र्यांच्या, अधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसतात आणि बोलतात. जपानमध्ये ५ मे हा पूर्वी मुलग्यांचा सण होता. १९४८ साली कायदा करून तो मुलगे-मुली सगळ्यांचा सुट्टीचा दिवस केला. त्याच दिवशी आईचे आभार मानावेत, असंही कायद्यात आहे.

कुणी म्हणेल, हे नाटक आहे; संध्याकाळी खुर्ची परत मोठ्यांकडेच जाते. खरं आहे. पण आपण तर नाटकातही मुलांना खुर्ची देत नाही.

आपल्याकडे मुलांचा खरा सण ईद. ईदी आपण सढळ हाताने देतो आणि दुपारपर्यंत "आण इकडे, हरवशील" म्हणत परत घेतो. इथवर हसून सोडता येईल. पण दहावीनंतर मुलीने शिकायचं की थांबायचं, हेही आपण तिला न विचारता बैठकीच्या खोलीत ठरवतो. मुलांशी संबंधित निर्णयात त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार सांगतो. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. म्हणजे मुलीला विचारणं ही आपली मेहरबानी नाही, तो तिचा हक्क आहे.

दोस्तांनो, "अब्बांनी ठरवलंय" म्हणून गप्प बसणारे थोरले भाऊ आपणच आहोत. यंदा मी आयोजकांना सांगितलंय: चार खुर्च्या मुलांच्या, त्यातल्या दोन मुलींच्या, आणि माइक आधी त्यांच्याकडे. ते "बघू" म्हणाले. मी पुन्हा विचारणार आहे. तुमच्या मोहल्ल्यात तुम्ही विचारा. आणि त्याआधी घरात बहिणीला विचारा, तिला पुढे काय शिकायचंय.