आग विझली, आता टाकी घासू नका
घरातल्या फिशटँकला आग लागली म्हटलं की लोक आधी हसतात. पाण्याला कसली आग! पण पेटतो तो टाकीमागचा एक्स्टेन्शन बोर्ड. हीटर, पंप, फिल्टर, दिवा सगळं त्या एकाच बोर्डावर, आणि वायरीवरून ओघळलेला थेंब थेट सॉकेटात. रायपूरला खेटून असलेल्या बीरगांवात त्यात उरला-सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ भर घालते. ओलावा धरला की अशा धुळीतून वीज झिरपते आणि प्लास्टिक आतल्या आत करपत जातं. आग विझल्यावर घरातली माणसं पदर खोचून टाकी लख्ख घासायला बसतात आणि आगीतून वाचलेले मासे तिथे दगावतात. फिल्टरच्या स्पंजात माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्या मुळावर येतं. म्हणून मेन स्विच बंद केल्यावर आधी बॅटरीवरचा एअरपंप लावा, काजळीचा तवंग कागदाने टिपा, पाव हिस्सा पाणी क्लोरीन काढून बदला आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा. चार दिवस खाणं बेताचं. आग विझवायची पावडर पाण्यात पडली असेल, तर मात्र मासे लगेच दुसऱ्या भांड्यात हलवा. काच तापली असेल तर सिलिकॉनचे सांधे तपासा. नवा बोर्ड टाकीपासून दूर, भिंतीवर उंच बसवा. वायरीला सॉकेटच्या खाली झोल ठेवा, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लावून घ्या. बैल गेला नि झोपा केला, असं शेजारी म्हणतील. म्हणोत, गोठ्यात अजून बैल आहेत.