मी स्मोकर नाही हो, फक्त हुक्का!

"तू स्मोक करतोस का?" हा प्रश्न आपल्या वयाच्या कुणालाही विचारून बघा. पूर्वी याची दोनच उत्तरं यायची, हो किंवा नाही. आता तिसरं ऐकू येतं. "छे रे, सिगरेट वगैरे नाही. फक्त हुक्का. तोही वीकएंडला, ग्रुपमध्ये." हे सांगताना आवाजात जराही अपराधी भाव नसतो. कसा असणार? फळांचा वास येतो, धूर पाण्यातून येतो आणि महिन्यातून दोनदाच येतो!

माझं म्हणणं असं की या तीन उत्तरांपैकी सगळ्यात धोक्याचं हे तिसरं. 'हो' म्हणणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. तो कधी ना कधी सोडायचा विचार करतो, बायको-आई मागे लागतात, डॉक्टर ओरडतात. हुक्केवाल्याच्या मागे कुणीच लागत नाही. ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा फॉर्म भरताना 'तंबाखू' या रकान्यात तो बिनदिक्कत 'नाही' वर टिक करतो. आमच्या धंद्यात म्हण आहे म्हणा ना, ज्याची लॉगमध्ये नोंदच नाही तो बग कुणी फिक्स करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हुक्का पार्लर तर बंद झाली ना? झाली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिल्समध्ये आग लागली आणि १४ माणसं गेली. हुक्क्याच्या कोळशाच्या उडालेल्या ठिणग्यांमुळे ती लागली असावी, असं अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आलं. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, महाराष्ट्राने तंबाखूच्या कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख दंड. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की खाद्यगृहाचा परवाना म्हणजे हुक्का द्यायचा परवाना नव्हे.

कायदा चांगलाच आहे. पण कायदा दुकानाला कुलूप लावतो, गाडीच्या डिकीला नाही. पार्लर बंद झाली आणि हुक्का डिकीत बसून पळसदरीला आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कर्जतहून खोपोली लोकलने निघालात की पहिलंच स्टेशन पळसदरी. धरण, धबधबे, स्वामी समर्थांचा मठ, समोर घाट आणि पावसाळ्यात सगळीकडे नुसता हिरवा रंग. या सगळ्या पट्ट्यात, कर्जत ते खालापूर, भाड्याने मिळणारे बंगले आणि फार्महाउसेस पसरली आहेत. शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटायचा, दोन गाड्या काढायच्या, रविवारी संध्याकाळी परत. मीही जातो, आवडीने जातो. भर पावसात धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश निघतात, मग दिवसभर करायचं काय? अंताक्षरी, पत्ते आणि मध्ये ठेवलेला हुक्का.

अशाच एका ट्रिपला बंगल्याचे केअरटेकर मामा व्हरांड्यात तळहातावर तंबाखू-चुना मळत बसले होते. आमच्यातल्या एकाने हातातली नळी न सोडता त्यांना प्रेमाने उपदेश केला, "मामा, तंबाखू सोडा की आता. कॅन्सर होतो." मामा शांतपणे म्हणाले, "सोडतो ना. पण दादा, तुमच्या त्या नळीत काय असतं? गुलाबपाणी?"

सगळे हसले. पण मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या नळीत काय असतं?

वरच्या चिलमीत असते ती तंबाखूच, काकवी किंवा मध, ग्लिसरीन आणि फळांचा अर्क यात भिजवलेली. ती इतकी ओली असते की आपणहून पेटत राहत नाही, म्हणून वर फॉइल आणि फॉइलवर जळता कोळसा. म्हणजे तुम्ही ओढता तो धूर दोन गोष्टींचा, तंबाखूचा आणि कोळशाचा. खालचं पाणी तो गाळत नाही, थंड करतो. इथेच खरी गोम आहे. थंड धूर घशाला लागत नाही, ठसका येत नाही, त्यामुळे झुरका मोठा आणि खोल जातो. सिगरेटचा ठसका ही शरीराने दिलेली वॉर्निंग असते. हुक्का ती वॉर्निंग सायलेंटवर टाकतो.

आता थोडं गणित. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे : एका सिगरेटचे ८ ते १२ झुरके, वेळ ५ ते ७ मिनिटं, धूर सुमारे अर्धा लिटर. हुक्क्याचं एक सेशन २० ते ८० मिनिटं, झुरके ५० ते २००, प्रत्येक झुरका ०.१५ ते १ लिटर. "एक हुक्का म्हणजे शंभर सिगरेटी" हे वाक्य याच आकड्यांवरून आलंय. मला ते तसं फेकलेलं आवडत नाही. ते धुराच्या आकारमानाबद्दल आहे, प्रत्येक विषाबद्दल नाही. म्हणून आपण सगळ्यात सौम्य आकडे घेऊ. ५० झुरके गुणिले ०.१५ लिटर, म्हणजे साडेसात लिटर. सिगरेटच्या पंधरा पट! बेस्ट केसमध्ये ही गत आहे राव. आणि हे एका माणसाचं गणित आहे, चौघांत वाटून घ्यायचं नाही.

त्यात कोळशाचा वाटा वेगळाच. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. हुक्का 'चढला' असं आपण कौतुकाने म्हणतो ना, त्यात निकोटिन तर असतंच, पण प्राणवायू कमी पडल्याचीही तक्रार असते. हुक्क्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊन माणसं थेट इमर्जन्सीत पोचल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. कोव्हिडपासून घरोघरी असलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे कामाला येत नाही. त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही ऑक्सिजनवालंच दिसतं, तो ९८ दाखवत बसतो.

पळसदरीला हे सगळं जास्तच लागू होतं. शहरातल्या टेरेसवर निदान वारा असतो. इथे बाहेर धो धो पाऊस, डास, म्हणून दारं-खिडक्या बंद, वर एसी. एका ट्रिपला मी पाहिलंय, खोलीत सात जण, कोळसे तीनदा बदललेले. जिने नळीला हातही लावला नव्हता तिलाच रात्री डोकेदुखी आणि उलट्या. सगळ्यांनी दुपारच्या मिसळीला शिव्या दिल्या. व्हरांड्यात नेऊन बसवल्यावर तासाभरात तिला बरं वाटायला लागलं. तो कार्बन मोनॉक्साइडच होता असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, मोजला कुणी? पण मिसळ आम्ही सगळ्यांनीच खाल्ली होती. असं कधी झालं तर माणसाला आधी मोकळ्या हवेत न्या, कोळसा विझवा. शुद्ध हरपत असेल किंवा बोलणं असंबद्ध वाटत असेल तर १०८ ला फोन करा आणि हुक्का चालू होता हे डॉक्टरांना न लाजता सांगा.

"आम्ही हर्बल आणतो," हे पुढचं उत्तर. तंबाखू काढली तरी कोळसा तोच, कार्बन मोनॉक्साइड तोच आणि टारही आहेच. "प्रत्येकाची प्लॅस्टिकची टिप वेगळी असते," हे त्यापुढचं. टिप वेगळी, पण नळी आणि आतलं पाणी एकच. टीबीच्या देशात हे धाडसच म्हणायचं.

मग इतकं असून हे आपल्याला दिसत का नाही? मला दोन कारणं वाटतात. पहिलं म्हणजे पाकीट. सिगरेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा सडलेल्या तोंडाच्या नाहीतर घशाच्या चित्राने व्यापलेली असते. हुक्का आपल्यापुढे येतो तो चिलीम भरून, पाकीट उघडणारा दुसराच कुणीतरी असतो. दुसरं कारण म्हणजे आपलं राज्य. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू चघळणारे, मशेरी लावणारे वगैरे प्रौढ २४.४ टक्के होते आणि धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के. साहजिकच आपल्याकडचा सगळा प्रचार गुटखा, खैनी, मशेरीचा. तंबाखू म्हटलं की डोळ्यांपुढे मामा येतात, आपण येत नाही. व्यसन त्यांचं, आपलं ते सोशलायझिंग!

माझा एक मित्र असाच 'फक्त वीकएंड'वाला होता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ट्रिपा बंद, ग्रुप बंद, हुक्का बंद. दुसऱ्याच आठवड्यात तो दुप्पट भावाने सिगरेट मिळवायला सोसायटीच्या मागच्या गल्लीत फिरत होता. तोवर त्याला कुणी स्मोकर म्हटलं असतं तर तो भांडला असता. निकोटिनला मात्र तुम्ही स्वतःला काय म्हणवता याच्याशी देणंघेणं नसतं.

तो सुटला, पण तिसऱ्या प्रयत्नात. त्याच्याकडून आणि थोडं वाचून जे कळलं ते इथे मांडतो.

एक, आधी मोजा. गेल्या तीन महिन्यांत किती सेशन्स झाली ते कागदावर लिहा. 'कधीतरी' हा आकडा नाही.

दोन, स्वतःची परीक्षा घ्या. पुढच्या दोन ट्रिपा हुक्क्याशिवाय. सहज जमलं तर उत्तम, तसंच चालू ठेवा. चिडचिड झाली, हात शिवशिवले, तर उत्तर मिळालं.

तीन, तलफ कायमची नसते. तिचा एक झटका साधारण काही मिनिटांचा असतो आणि सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. एवढा काळ हात आणि तोंड गुंतवा.

चार, मदत घ्या. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन, फोन फुकट. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, पुढे मुंबईचं टाटा मेमोरियलही तिच्यात आलं. निकोटिनचं दोन मिलिग्रॅमचं च्युइंगगम चिठ्ठीशिवाय मिळतं, पण ते कसं आणि किती दिवस चघळायचं हे डॉक्टरला विचारून घ्या.

मदत घ्यायला आपल्याला फार लाज वाटते. "विलपॉवर असली की झालं," असं म्हणतात. कर्जतला कधी खिडकीतून बघा. पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात आणि मगच गाडी पळसदरीवरून घाटाला लागते. इंजिन दमदार असूनही जोडतात, कारण चढ तेवढा आहे. गाडीला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि शेवटचा मुद्दा, जे ओढत नाहीत त्यांच्यासाठी. सोशल हुक्का सोशल असल्यामुळेच टिकतो. बंगल्यात पोलीस येणार नाहीत, यावेत असंही मला वाटत नाही. पण कॉन्ट्रीच्या हिशोबात हुक्क्याची ओळ आपल्या सगळ्यांच्या पैशाने भरली जाते. न ओढणारेसुद्धा ती गप्प बसून भरतात. पुढच्या ट्रिपचा ग्रुप बनेल तेव्हा एवढंच लिहा, "हुक्क्याचे पैसे माझ्याकडून धरू नका आणि खोलीत कोळसा नको." थोडी चेष्टा होईल. होऊ दे. ग्रुपमधला एखादा तरी मनातून याच मेसेजची वाट बघत असतो, पहिला बोलायला नको म्हणून थांबलेला.

त्या पैशांत मामांना गरमागरम कांदाभजी सांगा. पाऊस, भजी आणि मोकळा व्हरांडा, पळसदरीला याहून जास्त काही लागत नाही.