भूक लागायच्या आधी विचारा

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांबरोबर ऑर्लंडोला जायचे बेत आता पुण्या-नाशिकच्या घरांतही ठरतात. लेक-जावई न्यू जर्सीत, आजी-आजोबा इकडून जाणार आणि मग सगळ्यांनी मिळून चार-पाच दिवस डिस्नी वर्ल्ड. व्हिसा, तिकिटं, हॉटेल सगळं महिनोन्‌महिने आधी होतं. ज्या घरातल्या एखाद्या मुलाला सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न चालण्याचा आजार) आहे, तिथे एकच प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहतो: हा तिथे खाणार काय? त्यावर बहुतेकांचं उत्तर असतं, "बघू तिथे गेल्यावर." माझी कळकळीची विनंती आहे, हे "बघू" एवढं सोडून द्या. भर उन्हात, तासभर रांगेत उभं राहून भुकेनं कावलेलं मूल समोर असताना कुणालाही नीट विचार करता येत नाही. अशा वेळी हाताला लागेल ते त्याच्या पुढ्यात जातं, नाहीतर ते उपाशी राहतं.

खरं तर ग्लूटेन न चालणाऱ्या माणसासाठी डिस्नी वर्ल्ड ही पुष्कळच बरी जागा आहे. चारही पार्कांतल्या बहुतेक खाण्याच्या ठिकाणी अ‍ॅलर्जीवाल्यांचा वेगळा मेनू असतो, फोनवरच्या अ‍ॅपमध्येही तो दिसतो. टेबलावर बसून जेवायचं असेल तर ६० दिवस आधीपासून जागा राखून ठेवता येते आणि तेव्हाच अ‍ॅलर्जीची नोंद करता येते. मिकीच्या तोंडाचे ते प्रसिद्ध वॉफल बिनगव्हाचेही मिळतात. पण मागितले तर. काही न बोलता बसलात तर समोर येतात ते मैद्याचेच. आणि इथेच आपलं घोडं पेंड खातं.

आपण भिडस्त. मागे एवढी माणसं खोळंबलीत, त्या काउंटरवरच्या पोरीला किती पिडायचं, आपलं इंग्रजी तिला कळलं नाही तर काय, अशा शंभर शंका मनात येतात आणि प्रश्न ओठांवरच राहतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे तर ती पोराच्या पोटावर येते. काउंटरवरच्या मुलीला तुमचा प्रश्न नवा नसतो, ती दिवसभर तोच ऐकत असते. मागचे लोक दोन मिनिटं थांबतील. नाही थांबले तरी तुमच्या मुलाचं आतडं त्यांच्या सोयीपेक्षा मोठं आहे.

बरोबर येणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना निघायच्या आधी एकदा बसवून हा आजार समजावून सांगा, कारण सहलीतला सगळ्यांत मोठा धोका म्हणजे एखाद्या मायाळू माणसाचं "एवढ्याशानं काय होतंय". सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. अन्न शोषून घेणारं आतलं अस्तर झडतं. मग मूल वाढत नाही, रक्त कमी होतं, पोट फुगतं. कधी बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत नुकसान चालूच राहतं. किती ग्लूटेन पुरतं? रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लूटेन असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्या स्लाइसचा फार तर चाळिसावा भाग झाला. ताटात सांडलेला चुरा तेवढा असतो.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असं एखादे आजोबा म्हणतील. तेव्हाही होतं, आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय १९३०च्या दशकातच आला होता. पुढे १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली हे प्रबंधात मांडलं. ही वजन कमी करायची टूम नाही आणि मुलाचे लाडही नाहीत, एवढं घरातल्या प्रत्येकाला पटलं की निम्मं काम झालं.

आता नेमकं काय विचारायचं? "यात ग्लूटेन आहे का" एवढं पुरत नाही. पदार्थात गहू नसतो, पण तो शिजतो ते तेल, तवा आणि टोस्टर सगळ्यांचं असतं. बटाट्याच्या फ्राइजमध्ये मैदा नाही, पण त्याच कढईत आधी पिठात घोळवलेलं चिकन तळलं असेल तर त्या चालणार नाहीत. म्हणून "तळणीचं तेल वेगळं आहे का" हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्यानं विचारायचा. एका ठिकाणी वेगळं असतं म्हणून शेजारच्याकडे असेल असं नाही. हातमोज्यांकडेही लक्ष ठेवा. माणूस बनपाव उघडतो, त्यात भाजी भरतो आणि त्याच हातानं तुमचं सॅलड उचलतो. हातमोजा स्वच्छ दिसतो, पण बोटांच्या टोकांवर पावाचा भुगा असतो. "कृपया हातमोजे बदला" असं सांगायला काही हरकत नाही, लोक निमूटपणे बदलतात. बुफे असेल तर त्यातलं वाढून घेऊच नका, कारण पास्त्यातला चमचा भातात जायला वेळ लागत नाही. ताट आतून, स्वयंपाकघरातून वेगळं मागवा, तशी सोय बहुधा करून देतात. आणि हे सगळं साडेअकराच्या आत उरका. दुपारी साडेबाराला स्वयंपाकघरात धांदल असते, तेव्हा चुका होतात. एवढं करूनही, आपलं स्वयंपाकघर सामाईक आहे आणि आपण पूर्ण हमी देऊ शकत नाही, हे डिस्नी स्वतःच सांगतं. ज्या मुलाला कणभरानंही मोठा त्रास होतो त्याच्या आईवडिलांनी हे नीट लक्षात ठेवावं. डिस्नी स्प्रिंग्ज या तिथल्याच बाजारपेठेत एरिन मॅकेनाज बेकरी म्हणून एक दुकान आहे, तिथे सगळाच माल बिनग्लूटेनचा आणि बिनदुधाचा असतो. अशा मुलाला काचेमागचं हवं ते बोट दाखवून मागता येतं. कुणाचा वाढदिवस असेल तर केक तिथूनच घ्या.

शाकाहारी घरांना दुहेरी कसरत करावी लागते. ग्लूटेन नाही म्हटल्यावर समोरचा माणूस मोठ्या आपुलकीनं ग्रिल केलेलं चिकन सुचवतो. भात आणि राजमा-घेवडा मिळतो, पण तो चिकनच्या पाण्यात शिजवलाय का तेही विचारावं लागतं. विमानातही हीच गत. ग्लूटेन-फ्री जेवण नोंदवता येतं, पण त्यात मांसाहार असू शकतो, आणि एका प्रवाशाला सहसा एकाच प्रकारचं खास जेवण नोंदवता येतं. तेव्हा शाकाहारी मुलासाठी विमानातलं खाणं घरूनच न्यावं. एक अंदाज मात्र पार मोडीत काढा: इंडियन रेस्टॉरंट म्हणजे आपलं, तिथे चिंता नाही. नानचं पीठ तिथे हवेत उडत असतं, भजी आणि समोसे एकाच तेलात उतरतात. ऑर्लंडोत मेक्सिकन ठिकाणी मक्याच्या टॉर्टिया मिळतात, आपल्या मुलांना त्या भाकरीसारख्या लागतात. तिथेही गव्हाच्या टॉर्टिया त्याच तव्यावर भाजतात का, ते विचारून घ्या.

बरोबर काय न्यायचं, हा खरा आपल्या हातातला भाग. डिस्नीत स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं. बरणी काचेची नको, गरम करावं लागेल असं काही नको आणि उग्र वासाचं नको. आपल्याकडे यासाठी उपवासाचा आख्खा फराळ पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, वरीच्या आणि शिंगाड्याच्या पिठाचे पदार्थ, तळलेला साबुदाण्याचा चिवडा. ज्या स्वयंपाकात धान्यच वर्ज्य, त्यात गहू कुठून येणार? फ्लोरिडाच्या दमट हवेत चिक्की चिकट होते, म्हणून एकेक वडी वेगळी गुंडाळा. अमेरिकेत उतरताना बॅगेत खाणं आहे हे कस्टम्सला सांगा. कच्चे तांदूळ आणि हरभरे नेऊ नका, किडीच्या भीतीनं ते अडवतात.

पण घरचं म्हणजे निर्धोक, असं समजू नका. पहिली खोट गिरणीत. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून तुम्ही डबा घेऊन जाता. गिरणीवाल्यानं नुकतेच कुणाचे तरी गहू काढलेले असतात. जात्याच्या पाळीत, सुपात, खालच्या कापडी नळीत ते पीठ चिकटलेलं असतं आणि तुमच्या ज्वारीचे पहिले दोन-तीन किलो ते झाडून नेतात. भाकरी दिसते पांढरीशुभ्र, त्यात गहू असतो. घरघंटी घ्या, तिच्यात गहू कधीच घालू नका, किंवा ग्लूटेन-फ्री असं छापलेलं पीठ विकत घ्या. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे हे शब्द छापायचे तर किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, अमेरिकेतही मर्यादा तीच आहे. दुसरी खोट हिंगाची. डबीतला बांधणीचा हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात मळलेला असतो. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. कुरडई गव्हाच्या चिकाची असते. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सोया सॉसमध्ये बहुधा असतो, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. आणि खपली गहू चालतो असं जे सांगतात त्यांना नम्रपणे गप्प करा. खपली हा गहूच आहे, सीलिअ‍ॅकमध्ये तो चालत नाही.

मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या जागी करा, ऑर्लंडोजवळच्या किसिमीच्या बाजूला अशी भाड्याची घरं पुष्कळ मिळतात. नवा छोटा तवा आणि उलथनं इकडूनच न्या. तिथला टोस्टर, लाकडी चमचे आणि चाळण्या वापरू नका. सकाळी पोहे नाहीतर भात-पिठलं पोटभर खाऊन निघालेलं मूल दुपारपर्यंत शांत असतं, आणि आईवडीलही.

मुलाच्या मनाचंही बघा, ते मला सगळ्यांत जवळचं वाटतं. चुलत-मावस भावंडं पिझ्झा खातायत आणि हा बाजूला डबा उघडून बसलाय, हे त्याच्या जिवाला लागतं. यावर एक साधा उपाय आहे. दिवसातलं एक खाणं असं ठरवा की सगळेच तेच खातील. अननसाचं डोल व्हिप, पॉपकॉर्न, फळं, सकाळचे पोहे, काहीही चालेल. त्याचं ताट आधी येऊ द्या, बाकीच्यांची मग. त्याच्यासमोर "बिचारा" म्हणू नका, "याच्यामुळे आपल्याला इथे खाता येत नाही" हे तर मुळीच नको. आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याला स्वतःला विचारू द्या. आपण शेजारी उभं राहायचं. स्वतःच्या पोटासाठी मोठ्या माणसाला न घाबरता प्रश्न विचारता येणं हे त्याला आयुष्यभर लागणार आहे. लहानग्यांच्या बाबतीत आणखी एक: खेळायच्या प्ले-डो मातीत गहू असतो. विमानात ती हातात दिलीत तर खाण्याआधी हात साबणानं धुवा, सॅनिटायझरनं ग्लूटेन जात नाही.

चुकून काही पोटात गेलंच तर ओरडू नका. उतारा असा काही नाही. पाणी आणि ओआरएस देत राहा, मऊ भात द्या, दुसऱ्या दिवशीचा पार्क सोडा. उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली असेल तर डॉक्टर गाठा. प्रवासाचा विमा घेताना सीलिअ‍ॅक लिहून दिलेला असावा, तो अशा वेळी कामी येतो.

सगळेच काही ऑर्लंडोला जात नाहीत. खोपोलीजवळच्या इमॅजिकाला किंवा दुसऱ्या एखाद्या पार्कला जाणारी घरं त्याहून कितीतरी जास्त. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. तेव्हा आठवडाभर आधी ई-मेल करा, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो जोडा आणि डबा आत नेण्याची परवानगी लेखी मागा. आलेलं उत्तर फोनमध्ये ठेवून दारावर दाखवा. आतल्या काउंटरवर "ग्लूटेन" म्हणू नका, पुष्कळांना तो शब्द कळत नाही. सरळ सांगा, "याला गहू, मैदा, रवा, कणीक काही चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय. हा तवा वेगळा आहे का?" गहू, मैदा, रवा, कणीक ही चारही नावं घ्या, नाहीतर "मैदा नाही साहेब, आटा आहे" असं उत्तर मिळतं. सहली नेणाऱ्या शाळांनाही माझं सांगणं आहे. पालकांच्या संमतीपत्रात खाण्याच्या पथ्याची एक ओळ घाला आणि ती वाचून पार्काला आधी कळवायचं काम एका शिक्षकाकडे नावानिशी द्या. पार्कवाल्यांनी एका काउंटरवर वेगळ्या तव्यावर साबुदाण्याची खिचडी आणि वरीचं थालीपीठ ठेवलं, तर सीलिअ‍ॅकच्या मुलांची सोय होईल आणि चतुर्थी-एकादशीला उपवासवालेही तिथेच येतील. तसं त्यांना लिहून कळवा, प्रत्येक घरानं.