पाहुणीचा शेवटचा दिवस



भारतातून पाहुणे येण्याचे दिवस म्हणजे आपल्याकडे हिवाळ्याचे. उन्हाळ्यात नेगेवमध्ये कोण येणार? थंडीत मात्र बदामाची झाडं फुलतात, माळावर लाल कलानियोत दिसू लागतात आणि कुणाकुणाची बहीण, भाचा, शाळेतली मैत्रीण बॅगेत पोहे, वाल आणि कोकमं भरून येते. आठ दिवस येरुशलाईम, दोन दिवस मृत समुद्र, मग लग्नाचे अल्बम आणि रात्री बारापर्यंत गप्पा. पाहुणचारात आपले लोक कुठे कमी पडत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे.

परंतु आज आम्ही लिहिणार आहोत ते पाहुणा निघतो त्या शेवटच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी घरातले सगळे बॅगेकडे बघतात. वजन किती भरलं, खजूर कुठे ठेवला, पासपोर्ट कुठे आहे. माणसाकडे कोणी बघत नाही. माणूसही काही बोलत नाही. "आता जायचंच आहे, कशाला यांना त्रास," असं म्हणून अंगावर काढतो. विशेषतः आपल्या वयाच्या बायका! म्हणून आमच्या मैत्रिणीची हकीकत आज सांगतो. तिला विचारूनच लिहीत आहोत. ती म्हणाली, "लिही, फक्त माझं नाव नको."

आधी एक गंमत बालमित्रांसाठी. हिब्रूत नर्सला 'अहोत' म्हणतात, आणि बहिणीलाही 'अहोत'च. मराठीत 'आहोत' म्हणजे 'आम्ही इथेच आहोत'. पेशंटने हाक मारली की आम्ही मनात म्हणायचो, आहोत, आहोत! नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण ती सवय काही गेली नाही.

आता मैत्रिणीबद्दल. ती आणि आम्ही मुंबईत माझगावच्या शाळेत एका बाकावर. ही शाळा हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये आपल्या बेने इस्राएल मुलांसाठी सुरू झाली आणि पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आमच्या वेळेपर्यंत तिथे सर्व धर्मांची मुलं शिकत होती. ही मैत्रीण हिंदू. पेसाहच्या दिवसांत ती आपला डबा आमच्यासमोर उघडायची नाही, आणि तिच्या संकष्टीला आम्ही तिच्यासमोर खायचो नाही. १९७१ मध्ये आम्ही आलिया केली, तेव्हा ती निरोप द्यायला आली होती. त्यानंतर पत्रं, मग फोन, मग मोबाईल. आम्ही दोन-तीनदा भारतात गेलो तेव्हा भेटलो. ती इकडे आली ती पहिल्यांदाच, २०२३ च्या जानेवारीत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

आमचा मोशाव बीरशेबाच्या उत्तरेला. चार लिंबाची झाडं, थोड्या कोंबड्या, समोर गव्हाचं शेत. बस दिवसातून मोजून काही वेळा. दवाखान्यात नर्स येते ती सकाळीच, आणि डॉक्टर ठरलेल्या वारी. मैत्रिणीला जागा फार आवडली. "अगं, हे तर आमच्या अलिबागच्या आजोळासारखं, फक्त समुद्र कुठे गेला?" असं म्हणायची. आमची नातवंडं तिला मावशीआजी म्हणू लागली.

तिचं विमान होतं मंगळवारी, ७ फेब्रुवारी २०२३ ला रात्री. तू बिश्वातचा दुसरा दिवस. संध्याकाळी निघण्यापूर्वी तिच्या सुखरूप प्रवासासाठी मलिदा करायचा असं आम्ही ठरवलं होतं. नारळ दिमोनाहून आणले होते. पोहे तिनेच आणलेले. सकाळी ती म्हणाली, "खोबरं मी खवते, शाळेत असताना तुझ्या आईकडे मीच खवायचे." आम्ही समोर फळं चिरत बसलो.

अर्धा नारळ झाला आणि ती थांबली. पुन्हा दोन हात मारले, पुन्हा थांबली. बोलताना वाक्य मध्येच तुटत होतं. मग आमचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उमटला होता. घोट्याच्या वर बोटाने दाबून पाहिलं तर खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला. दोन्ही पाय तसेच. आम्ही सरळ विचारलं,

"रात्री किती उशा घेतेस?"

"दोन घ्यायचे. आता तीन."

"केव्हापासून?"

"चार दिवस झाले. अगं, थंडी आहे ना, म्हणून."

"थंडीला उशा लागत नाहीत, गोधडी लागते. लघवीची गोळी चालू आहे ना?"

मग ती गप्प. हृदयाचा त्रास तिला आधीपासून होता आणि अंगातलं पाणी कमी करणारी गोळी रोज सकाळी घ्यायची होती. पण ती गोळी घेतली की तासा-दोन तासांत चार वेळा उठावं लागतं. येरुशलाईमच्या बसमध्ये कुठे उठणार? म्हणून फिरायच्या दिवशी गोळी बंद. फिरायचे दिवस झाले नऊ-दहा. त्यात आपल्या इकडचं जेवण: ऑलिव्ह, खारवलेल्या काकड्या, खारं चीज. शिवाय तिने आणलेलं लोणचं आणि पापड. गोळी बंद आणि मीठ दुप्पट, म्हणजे पाणी अंगात साठणारच. आधी पायात, मग फुप्फुसात.

घरातल्या यंत्रावर ऑक्सिजन पाहिला, ९१. निरोगी माणसाचा साधारण ९५ च्या वर असतो. वजन केलं, ६४ किलो. मुंबईहून निघताना ६१ होतं. आम्ही म्हटलं, "आज तू विमानात बसायचं नाहीस. आधी रुग्णालय."

बाई चिडली. शुक्रवारी १० तारखेला मुंबईत तिच्या नातीचा साखरपुडा होता. पैठणी बॅगेत सर्वात वर ठेवली होती. म्हणाली, "मेले तरी चालेल, पण मी जाणार. घरी पोचल्यावर डॉक्टरला दाखवते. तू नर्स आहेस, देव नाहीस." पन्नास वर्षांत आमच्याशी ती अशी कधी बोलली नव्हती. आमचे 'हे' बाहेर जाऊन लिंबाच्या झाडाला पाणी घालू लागले. भांडणात पुरुष असंच करतात.

आम्ही शांतपणे तिला एकच गोष्ट सांगितली. विमान उंच उडतं तेव्हा आतली हवा जमिनीसारखी राहत नाही. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर जशी विरळ असते तशी होते. निरोगी माणसाला कळतही नाही. पण ज्याला जमिनीवरच श्वास अपुरा पडतो, त्याला वर आणखी अपुरा पडतो. आणि तिथे रुग्णवाहिका येत नाही. "नातीच्या साखरपुड्याच्या दिवशी तुझ्या मुलाला विमानतळावरून कसला फोन जावा असं तुला वाटतं?" हे जरा कठोर झालं, परंतु कधीकधी नर्सला कठोर व्हावं लागतं.

तिच्या मुलाला फोन लावला. तो भला मुलगा. एका वाक्यात म्हणाला, "आई, साखरपुड्याला तू नसलीस तर चालेल, लग्नाला हवीस." मग ती रडली आणि कोट घालायला उठली.

शहरातल्या रुग्णालयात छातीचा फोटो, हृदयाचा आलेख आणि रक्ताची तपासणी झाली. फुप्फुसात पाणी साठायला लागलं होतं. शिरेतून औषध दिलं, एक रात्र ठेवून घेतलं, गोळीचा डोस नीट बांधून दिला. पर्यटकाला कुपात होलिम नसते, सर्व खर्च स्वतःचा. सुदैवाने मुलाने प्रवासाचा विमा काढताना हृदयाचा आजार लपवला नव्हता. रुग्णालयातूनच विमा कंपनीला कळवलं, आणि खर्चाची सोय झाली. आजार लपवला असता तर? विचार करा.

बुधवारी ती घरी आली. आता आमच्या अकरा वर्षांच्या नातवाला काम मिळालं. रोज सकाळी मावशीआजीला वजनकाट्यावर उभं करायचं आणि आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहायचा. ती आकडा मराठीत सांगायची, त्याने हिब्रूत म्हणायचा, मग मराठीत. त्रेसष्ट, बासष्ट, साडे एकसष्ट. आमचा नातू 'पाणी दे' एवढंच मराठी बोलणारा, तो चार दिवसांत 'साडे' म्हणजे काय ते शिकला!

आणि साखरपुडा? मुंबईत मुहूर्त अकराचा. हिवाळ्यात आपलं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे, म्हणजे आपल्याकडे साडेसात. शुक्रवारी सकाळी सात वाजता बाई पैठणी नेसून, नथ घालून आमच्या बैठकीत बसली. शेजारच्या दोघी मोरोक्कन बायकाही नटून आल्या. फोन टेबलावर उभा केला. अंगठी घातली तेव्हा इकडे त्या बायकांनी जिभेने जो आवाज काढला, तो ऐकून मुंबईतलं सगळं हॉल वळून बघू लागलं! नात फोनमधून म्हणाली, "आजी, तू तर माझ्यापेक्षा जास्त नटली आहेस." नातू त्या दिवशी शाळेत उशिरा गेला. आम्ही चिठ्ठी लिहून दिली.

शनिवारी शब्बाथ संपल्यावर मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, आणि वर फळं. पहिला ठरवलेला मलिदा प्रवासासाठी होता, हा आभाराचा झाला. आपल्या पद्धतीप्रमाणे एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. मैत्रीण म्हणाली, "खंडाळ्याची ती जागा मला माहीत आहे, आजोळी असताना पाहिली होती. तिथला तुमचा नवी इथवर माझ्यामागे आला की काय?" नारळ या वेळी आमच्या 'ह्यां'नी खवला.

रविवारी, १२ फेब्रुवारीला, खरा शेवटचा दिवस. वजन ६१, रात्री दोन उशा, ऑक्सिजन ९६, डॉक्टरांचं प्रवासास योग्य असल्याचं पत्र हातात. दाराशी ती थांबली. आम्ही करतो ते महिनाभर पाहिलं होतं, म्हणून तिने मेझुझाला हात लावून ओठांशी नेला आणि मग आमच्या हाताला. दोघीही सत्तरी ओलांडलेल्या. पुन्हा भेट होईल की नाही हे दोघींनाही विचारायचं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "येते गं." आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत.

आता वाचकहो, तुमच्या घरी पाहुणा असेल किंवा तुम्ही स्वतः प्रवासाला निघाला असाल, तर आमचं थोडं ऐका.

निघण्याच्या दोन दिवस आधी पाहुण्याला विचारा: गोळ्या सगळ्या घेतल्या का, किती उशा लागतात, चपला घट्ट झाल्या का. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर ते आपल्या जेवणाचं कौतुक नव्हे, बहुधा पाणी असतं. डॉक्टरांना कळवा. लघवीच्या गोळीची अडचण असेल तर ती मनाने बंद करू नका. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

दोन्ही पाय सुजणं वेगळं आणि एकच पाय सुजून पोटरी दुखणं वेगळं. दुसऱ्यात रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा लगेच तपासणी. विमानात पाय हलवत राहा, जमेल तसं उठून चाला. म्हणून कडेची जागा मागा. चाकाची खुर्ची मागण्यात लाज नाही.

औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मोठ्या बॅगेत नको, ती हरवू शकते. श्वास लागला, छातीत दुखलं तर विचार करत बसू नका. इथे १०१ ला फोन करा, मागेन दाविद आदोमची रुग्णवाहिका येते. मोशावात राहणाऱ्यांनी तर आणखी लवकर, कारण गाडी यायला वेळ लागतो.

बालमित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. आजोबा-आजींचं वजन आठवड्यातून एकदा तुम्ही लिहा, आणि त्यांना हृदयाचा त्रास असेल तर रोज. आकडा मराठीत विचारा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फरक कोणता, हे त्यांनाच सांगू द्या.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरनंतर आम्ही रोज संरक्षक खोलीत जात-येत होतो, तेव्हा मैत्रिणीचा दररोज संध्याकाळी फोन यायचा. बातम्या विचारायची नाही. विचारायची, "ब्लडप्रेशरची गोळी घेतलीस? झोपलीस का?" आता कोण कोणाची अहोत, तुम्हीच सांगा. आजही सकाळी आमच्या नातवाच्या फोनवर मुंबईहून नुसता एक आकडा येतो. काल आला होता साठ. त्याने मराठीत उत्तर लिहिलं: 'शाबास'.

सर्वांना उदंड आयुष्य आणि आरोग्य लाभो. 

तुमच्या,
नर्सबाई